पाइप्सचं घराणं : डब्लिनच्या राउसम कुटुंबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे डब्लिनला पाहुणे आले की त्यांची एक संध्याकाळ आयरिश संगीत ऐकण्यात जाते, म्हणजे मी ती घालवायला लावतो. कोपऱ्यात सात-आठ जण गोल बसलेले असतात आणि त्यात एखादं पंधरा-सोळा वर्षांचं पोर मांडीवर नळ्यांचा जुडगा, म्हणजे आयरिश पाइप्स, घेऊन वाजवत असतं. परतताना ट्राममध्ये प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. पाहुणे बदलतात, प्रश्न तेच राहतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. मी स्वतः पाइप्स वाजवत नाही. टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, शिकतो, तीही चाळिशीनंतर धरलेली, त्यामुळे माझ्या मतांना तेवढ्याच किमतीत घ्यावं.

हा आपल्या लग्नाच्या बँडमधला बॅगपायपरच ना?

चुलतभाऊ म्हणता येईल. बँडमध्ये किंवा लष्करी संचलनात दिसतो तो स्कॉटिश पाइप. तो तोंडाने फुंकतात, उभ्याने वाजवतात आणि मैलभर ऐकू जातो. आयरिश पाइप्स बसून वाजवायचे असतात आणि तोंडाचा संबंधच नसतो. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत हवेची पिशवी. पेटीला भाता असतो तसाच, फक्त तो कोपराने दाबायचा. आयरिश भाषेत कोपराला ‘इलन’ म्हणतात, म्हणून इलन पाइप्स. आवाज खोलीत मावणारा, गोड आणि किंचित नाकातला.

पूर्ण संचात तीन भाग असतात. ज्या नळीवर बोटांनी चाल वाजते ती चँटर. तिचा पल्ला दोन सप्तकांचा. तिच्यासोबत तीन ड्रोन, तानपुऱ्यासारखा एकच सूर धरून बसलेले. आणि तीन रेग्युलेटर. हा प्रकार जगात दुसरीकडे फारसा सापडत नाही. बंद नळ्यांवर एकूण तेरा चाव्या असतात आणि बोटं चँटरवर गुंतलेली असताना त्या उजव्या मनगटाच्या कडेने दाबून स्वरमेळ काढायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला माणूस वाद्याशी झटापट करतोय असंच वाटतं.

राउसम म्हणजे कोण?

वेक्सफर्ड परगण्यात फर्न्सजवळ बॅलिंटोर नावाचं ठिकाण आहे. तिथे सॅम्युअल राउसम शेती करायचे आणि पाइप्स वाजवायचे. त्यांच्या मुलांपैकी विल्यम डब्लिनला आले आणि हॅरल्ड्स क्रॉस भागात वाद्यं बनवण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान थाटलं. विल्यमचा मुलगा लियो, जन्म १९०३. लियोचा मुलगा लिऑन आणि लिऑनचा मुलगा केव्हिन. या पाचही पिढ्या पाइप्स वाजवणाऱ्या. केव्हिन यांनी १९९९ साली काढलेल्या अल्बमच्या नावातच ‘पाच पिढ्या’ असा उल्लेख आहे.

पाहुण्यांना मी सांगतो ती गोष्ट मुख्यतः लियोची. कारण तरुण वयात घरचं काम खांद्यावर घेणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही.

सोळाव्या वर्षी तो शिक्षक झाला हे खरं आहे?

खरं आहे. १९१९ साली डब्लिनच्या म्युनिसिपल स्कूल ऑफ म्युझिकने त्याला पाइप्सचा शिक्षक नेमलं. त्याच वर्षी जानेवारीत आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटलं होतं. अशा शहरात सोळा वर्षांचा मुलगा संस्थेत जाऊन आपल्यापेक्षा थोराड माणसांना कोपर कसं हलवायचं ते सांगत होता.

यात लियोचं कौतुक आहेच, पण दुसरी बाजू जरा कडू आहे. एखादी संस्था सोळा वर्षांच्या पोराला शिक्षक नेमते तेव्हा वाजवणारे किती उरले असतील याचा अंदाज येतो. जे उरले होते त्यात हा होता, आणि त्याच्या हाताला वाद्याच्या आतलं बाहेरचं सगळं ठाऊक होतं, कारण तो बापाच्या दुकानात, लाकडाच्या भुशातच वाढला. पुढे १९२५ मध्ये विल्यम गेले आणि बावीस वर्षांच्या लियोकडे दुकानही आलं. शिकवणं, बनवणं, दुरुस्ती, कार्यक्रम, हे सगळं एकाच माणसाच्या अंगावर.

वाद्य एवढं मरणपंथाला का लागलं होतं?

एका कारणाने नाही. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात माणसं मेली, उरलेली बोटीत बसून अमेरिकेला गेली. त्यात वाजवणारेही गेले आणि नाचणारेही. स्वस्त मेलोडिअन, म्हणजे बटणांचा छोटा अकॉर्डियन, बाजारात आला, तो विकत घेऊन महिन्याभरात चार चाली काढता येत. पाइप्स महाग, नाजूक आणि शिकायला वर्षानुवर्षं. ठिकठिकाणच्या पाद्र्यांना नाचगाण्याचं वावडं होतं, तेही होतंच.

शतक पालटताना काही लोक जागे झाले. कॉर्कमध्ये १८९८ साली आणि डब्लिनमध्ये १९०० साली पाइपर्सचे क्लब निघाले. डब्लिनच्या क्लबाच्या संस्थापकांत एमन केंट होते. तेच केंट पुढे १९१६ च्या उठावाच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सात जणांपैकी एक ठरले आणि ब्रिटिशांनी त्यांना गोळ्या घातल्या. १९०८ साली रोमला जाऊन त्यांनी पोपसमोर पाइप्स वाजवले होते. डब्लिनमधला हा क्लब पुढे बंद पडला, तो १९३६ मध्ये पुन्हा उभा करण्यात पुढाकार लियो राउसमचा. त्याच वर्षी त्याचं पाइप्स शिकण्याचं पुस्तकही आलं.

वारशात नेमकं काय मिळतं? चाली, वाद्य की नाव?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण लोकांची अपेक्षा असते की मी ‘चाली’ म्हणेन. चाली सगळ्यांच्याच आहेत. कोणीही कोणाकडूनही उचलाव्यात. १९०३ साली शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ’नील, मूळचे कॉर्ककडचे, त्यांनी १८५० चालींचा संग्रहच छापून टाकला. तेव्हापासून ‘आमच्या घरची गुप्त चीज’ या बढाईत फारसा दम राहिला नाही.

घरात खरं मिळतं ते रीडचं ज्ञान. पाइप्समध्ये जो सूर निघतो तो आतल्या रीडमुळे. ती भूमध्य समुद्राकाठच्या एका जातीच्या नळापासून करतात, आपल्या बोरूच्या लेखणीची आठवण यावी असा पोकळ नळ. चँटरची रीड दुपदरी, सनईच्या पत्तीच्या घराण्यातली. सनईवाला पत्ती ओठांत धरतो, ओली ठेवतो, दाब कमीजास्त करतो. इथे ती लाकडात बंद असते आणि भात्याची कोरडी हवा तिच्यातून जाते. ओठांनी सांभाळून घेण्याची सोय नाही. जी काय घडण असेल ती आधीच रीडमध्ये असली पाहिजे.

आमचा व्हिसलचा वर्ग भरतो तिथे शेजारच्या खोलीत पाइप्सचा वर्ग असतो. एका जानेवारीत मी लवकर पोचलो तर एक पंधरा वर्षांची मुलगी एकटी बसली होती. वरचा सूर तिला लागत नव्हता, चिरकत होता. तिने चँटर काढला, वरच्या टोकातून रीड दोन बोटांनी अलगद उपसली, ओठांत धरून फुंकली. बदकाच्या पिल्लासारखा आवाज आला. रीडच्या कमरेला तांब्याची बारीक पट्टी असते, ती अंगठ्याच्या नखाने केसभर सरकवली. पुन्हा फुंकली. मग बुडाशी मेणाचा दोरा दोन वेढे जास्त गुंडाळून रीड परत बसवली. सूर आला, पण खालचा बिघडला. मग तिने पुन्हा सगळं उपसलं. वीस मिनिटांत चाल एकही नाही. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हणाली, आजोबांनी, आणि ते असते तर आधी खोलीतला हीटर बंद केला असता.

हीटर बंद करणं पुस्तकात असतंही, पण पुस्तक वाचून सुचत नाही. कोरड्या हवेने रीड आकसते, हे ज्याने घरात बारा हिवाळे पाहिलंय त्यालाच खोलीत शिरल्या शिरल्या आठवतं.

राउसमांच्या घरात हेच होतं. लियो आधी कारागिराचा मुलगा होता आणि मग वादक. आपल्याकडे मिरजेत सतारी-तानपुरे करणारी कुटुंबं आहेत, त्यांच्या घरातला मुलगा भोपळा हातात घेऊन नुसतं टिचकी मारून सांगतो हा तानपुऱ्याला चालेल की नाही. लियो तसा, वर मैफलही गाजवणारा. हे दोन्ही एका माणसात क्वचित येतं.

म्हणजे आपल्यासारखी घराणी आहेत?

शब्द मी शीर्षकात वापरलाय खरा, पण सोयीपुरता. गंडाबंधन नाही, उस्तादाचं नाव घेताना कानाला हात लावणं नाही. शिक्षकाला पहिल्या नावाने हाक मारतात. मला अजून जड जातं ते.

साम्य वाजवण्याच्या वळणात आहे. चँटर मांडीवर टेकवला की खालचं तोंड बंद होतं. त्यासाठी मांडीवर कातड्याचा तुकडा ठेवतात. बोटं बंद ठेवून एकेक सूर तोडून वाजवणारे आहेत, त्याला ‘टाइट’ वाजवणं म्हणतात. सूर एकमेकांत वाहू देणारे आहेत, त्याला ‘ओपन’. लियोचं वाजवणं वाहतं, आणि रेग्युलेटरची साथ भरघोस. एक माणूस वाजवतोय की तिघे, असा भास व्हावा इतकी. काहींना ती जास्त वाटते. मलाही नवशिका असताना वाटली होती. जुन्या ध्वनिमुद्रिका सलग तीन-चार वेळा ऐकल्यावर मत बदललं.

घरात जन्मलो नाही तर दार बंद?

उलट. लियोने सुमारे पन्नास वर्षं शिकवलं आणि त्याचे सगळ्यात गाजलेले शिष्य राउसम आडनावाचे नव्हते. १९६२ मध्ये ‘द चीफटन्स’ हा आयरिश संगीताचा गट काढणारे पॅडी मोलोनी त्याचे शिष्य. ‘प्लँक्स्टी’ या गटातून पाइप्सना सत्तरच्या दशकातल्या तरुण श्रोत्यांपर्यंत नेणारे लिअम ओ’फ्लिन त्याचे शिष्य, किल्डेअरहून डब्लिनला शिकायला यायचे. गॅरेक ब्राउन नावाचे श्रीमंत घरचे गृहस्थही त्याच्याकडे शिकले. ते वादक म्हणून गाजले नाहीत, पण १९५९ मध्ये त्यांनी ‘क्लाडा रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली आणि तिची पहिली ध्वनिमुद्रिका आपल्या गुरूचीच केली. नाव ‘री ना बीबरी’, म्हणजे पाइपर्सचा राजा.

शिष्याने कंपनी काढून गुरूची तबकडी आधी छापावी, हे आपल्याकडच्या गुरुदक्षिणेच्या कुठल्याही गोष्टीच्या तोडीचं आहे.

आणि शहरी कुटुंबांपलीकडे?

भटक्यांची परंपरा वेगळी आहे आणि तिच्याशिवाय ही गोष्ट लंगडी राहते. आयर्लंडमध्ये ‘ट्रॅव्हलर’ हा पिढ्यानपिढ्या फिरस्तीवर असलेला समाज आहे. सरकारने त्यांना वेगळा वांशिक समाज म्हणून मान्यता दिली ती थेट २०१७ साली. त्यातला जॉनी डोरन, जन्म १९०८, घोड्याच्या गाडीतून गावोगाव फिरायचा आणि जत्रेत, सामन्याच्या मैदानाबाहेर वाजवायचा. त्याचे पूर्वज जॉन कॅश हेही नावाजलेले पाइपर, त्याच वेक्सफर्ड भागातले. क्लेअरमधला विली क्लॅन्सी जॉनीला ऐकून पाइप्सकडे वळला. आता मिलटाउन मॅलबे गावात दर जुलैला विली क्लॅन्सीच्या नावाने शिबिर भरतं आणि आठवडाभर गावात घर मिळत नाही.

जॉनीचं एकच ध्वनिमुद्रण आहे, १९४७ चं. पुढच्या वर्षी डब्लिनमध्ये वादळात एक भिंत त्याच्या गाडीवर कोसळली, कमरेखाली पांगळा झाला, १९५० मध्ये गेला. ज्या दुपारी ते ध्वनिमुद्रण झालं ती झाली नसती तर जॉनी आज फक्त ऐकीव गोष्ट असता. राउसमांकडे दुकान होतं, संस्थेतली नोकरी होती, रेडिओवरचे कार्यक्रम होते. डोरनांकडे रस्ता होता. वारसा टिकतो की नाही यात गुणाबरोबर पत्त्यालाही महत्त्व असतं, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पाइपर व्हायला एकवीस वर्षं लागतात म्हणे?

म्हण आहे तशी : सात वर्षं शिकायचं, सात वर्षं रियाज, सात वर्षं वाजवायचं, मग पाइपर. लियोने सोळाव्या वर्षी नोकरी धरून म्हणीची वाट लावली. पण ओळखीचा एक वादक बत्तीस वर्षं वाजवतोय आणि म्हणतो की म्हण करणारा माणूस आशावादी होता.

मुली वाजवतात का?

वाजवतात आणि उत्तम वाजवतात. पूर्वीही वाजवायच्या. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्कच्या क्लबात मॉली मॉरिसी आणि मे मॅकार्थी या तरुण पाइपर होत्या. मधल्या काळात त्यांची नावं मागे पडली. आज लिमरिककडची लुईज मल्काही ही पहिल्या फळीतली पाइपर आहे, तिने विस्मृतीत गेलेल्या स्त्री-पाइपर्सचा शोधही घेतला. तिचे वडील अकॉर्डियन वाजवतात, बहीण हार्प आणि कॉन्सर्टिना. तिथला वारसा वाद्याचा नाही, घरात रोज संध्याकाळी संगीत असण्याचा आहे. मुलांनी ज्याला जे रुचलं ते उचललं. मला व्यक्तिशः हा प्रकार जास्त निरोगी वाटतो.

स्पर्धा असतात का?

असतात आणि जोरात असतात. ‘फ्ला’ म्हणतात, म्हणजे संगीताची जत्रा. पहिली राष्ट्रीय फ्ला १९५१ साली मलिंगारला भरली. तिच्यामागे ‘कोल्टस’ ही संस्था आहे, आणि ती उभी करण्यातही डब्लिनच्या पाइपर्स क्लबाचा हात. बारा वर्षांखालचे, बारा ते पंधरा, पंधरा ते अठरा आणि मोठे, असे गट असतात. आधी परगण्याची फेरी, मग प्रांताची, मग ऑगस्टमध्ये अंतिम. २०२४ आणि २०२५ ची फ्ला वेक्सफर्ड शहरात झाली, म्हणजे राउसमांच्या मूळ परगण्यात. शाळेच्या वर्गात परीक्षकांपुढे धडधडत्या छातीने वाजवून बाहेर आलेली पोरं रस्त्याच्या कडेला बसून पुन्हा तेच वाजवतात, आणि तिथलं वाजवणं हमखास जास्त चांगलं असतं.

पोट भरतं का यावर?

एकट्या वाजवण्यावर थोड्यांचंच. लियोचंही वाजवणं, शिकवणं, बनवणं असं तीन पायांवर उभं होतं. आजही बहुतेकांची नोकरी दुसरी असते. पाइप्स बनवणारे मात्र कामाशिवाय बसलेले मी पाहिले नाहीत, चांगल्या कारागिराकडे पूर्ण संचासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

लियो निवृत्त कधी झाले?

झालेच नाहीत. सप्टेंबर १९७० मध्ये स्लायगो परगण्यातल्या रिव्हर्सटाउनला एका स्पर्धेचं परीक्षण करायला गेले होते, तिथेच त्यांचं निधन झालं. त्याआधी दोन वर्षं, १९६८ मध्ये, ‘ना पीबरी इलन’ ही पाइपर्सची संघटना स्थापन झालेली त्यांनी पाहिली. तेव्हा देशात वाजवणारे शंभरही नसतील असं म्हटलं जातं.

युनेस्कोचं काय?

डिसेंबर २०१७ मध्ये इलन पाइप्सचं वादन युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये वडिलांकडून मालवणजवळच्या वराड गावचे असलेले लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले होते. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, पण पाहुण्यांना वराडकरांबद्दल सांगितल्याशिवाय मी ट्राममधून उतरू देत नाही.

गोलात बसून वाजवत असताना व्हिडिओ काढला तर चालेल?

आधी विचारा. आणि चाल चालू असताना ‘आमच्यासाठी अमुक वाजवा ना’ म्हणू नका. ती मैफल नसते, त्यांच्या गप्पा असतात. दोन चालींच्या मध्ये बोललेलं चालतं.

माझ्या मुलीला शिकायचंय. सुरुवात कुठून?

टिन व्हिसलपासून. दहा-पंधरा युरोत येते. बोटांची मांडणी बरीचशी चँटरच्या जवळची, आणि चाली कानात बसतात. दोन वर्षं टिकली तर पाइप्सचा विचार करा. त्यातही पूर्ण संच नाही, ‘प्रॅक्टिस सेट’ : भाता, पिशवी आणि चँटर, बस. नवा घ्यायचा तर हजार युरोच्या वर जातो. म्हणून आधी ना पीबरी इलनकडे चौकशी करा, नवशिक्यांना ते वाद्य भाड्यानेही देतात. त्यांचं कार्यालय डब्लिनमध्ये १५, हेनरिएटा स्ट्रीट. शिकवणीच्या चित्रफिती त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, म्हणजे पुण्यात बसूनही सुरुवात होते.

पुण्यात एक अडचण येईल ती आधीच सांगतो. मे महिन्यात रीड आकसेल, जुलैत फुगेल. इथल्या लोकांना त्यावरचा उपाय विचारला तर ते तुमच्याकडे कुतूहलाने बघतात आणि विचारतात, पावसाळ्यात काय होतं ते आम्हालाही कळवाल का?